लेकरू आणि काठी यांच्या मधे

दिवेलागणीची वेळ. गुरं गोठ्यात आलेली, चुली पेटलेल्या. गल्लीतल्या एका घरातून लेकराच्या रडण्याचा आवाज येतो, त्यात काठीचे सपकारे मिसळलेले. समोरच्या ओट्यावर वाती वळत बसलेली म्हातारी हातातला कापूस खाली ठेवते आणि तिथूनच ओरडते, "काहून मारतं रे त्या लेकराले? सोड त्याले!" हाकेनं भागलं नाही, तर ती उठते, पदर खोचते, थेट त्या घरात शिरते. लेकराला पाठीशी घालते, बापाला चार शब्द सुनावते. रात्री ते पोरगं तिच्याकडेच भाकर खातं, तिच्याच वाकळीत झोपतं.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर असो की घाटाखाली, चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी जणांना अशी एखादी म्हातारी आठवेल. ती सख्खी आजी असायचीच असं नाही. कुणाच्या वाट्याला मावशी आली असेल, कुणाच्या वाट्याला चक्कीवाले काका, कुणाला गुरुजी. या माणसाला आपण कधी काही नाव दिलं नाही. मी त्याला मधे पडणारं माणूस म्हणतो. ते माणूस आपल्या गल्ल्यांमधून नाहीसं होत चाललंय, आणि त्याला वाचवायचं असेल तर आत्ताच हालचाल करायला हवी, म्हणून हे लिहायला बसलो.

जुना काळ सोन्याचा होता असं मला म्हणायचं नाही. मार तेव्हाही होता, कदाचित आजच्यापेक्षा जास्तच होता. "मारल्याबिगर पोट्टं सुधरत नाही" असं म्हणणारी माणसंही त्याच ओट्यावर बसायची. पण मार खाल्लेल्या लेकराला पळून जायला एक जागा असायची. ती जागा कुठल्या घरात आहे, हे गावातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असायचं.

आज बघा. घरं पक्की झाली, हे चांगलंच झालं. पण ओटे गेले, त्या जागी कंपाउंडच्या भिंती आणि लोखंडी गेट आले. म्हातारी गावात एकटी आहे आणि नातवंडं पुण्यात, संभाजीनगरात किंवा सुरतेत भाड्याच्या दोन खोल्यांत. शेजारी आवाज आला की आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. "ज्याच्या त्याच्या घरचा मामला आहे, आपण कशाला पडायचं?" हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलंय. माझ्याही. मीही असा गेटाआड उभा राहिलोय, कान तिकडं आणि पाय घरात, आणि त्या रात्री मला झोप लागलेली नाही.

इकडे राग यायची कारणं तर वाढतच गेली. कपाशी बोंडअळीनं खाल्ली, सोयाबीन काढणीला आलं आणि पाऊस कोसळला, भाव पडला, बँकेची नोटीस आली. २००६ साली केंद्रानं आत्महत्याग्रस्त म्हणून विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिलं, त्यात आपला जिल्हा होता. बापाचा हात पोरावर उठतो, कारण तो सावकारावर उठत नाही, आभाळावरही उठत नाही. आईचा हात उठतो, कारण तिनंही आदल्या रात्री मार खाल्लेला असतो. ऊसतोडीला, वीटभट्टीला गेलेल्या घरातलं पोरगं कधी नातेवाइकाच्या दारात परकं होऊन राहतं, कधी कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळतं, आणि भावंडाला लागलं तर मार त्यालाच बसतो. ही माणसं राक्षस नाहीत. आपलीच आहेत, आपणच आहोत. म्हणून तर बोलायला हवं.

किती मुलं मार खातात? २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र धरून १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी त्यात बोलणं झालं होतं. दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक छळ सोसल्याचं सांगितलं. घरात मार खाणाऱ्यांपैकी जवळजवळ ८९ टक्के मुलांना आई किंवा वडिलांनीच मारलं होतं. शाळेत जाणाऱ्यांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेतल्या माराबद्दल सांगितलं. अभ्यास जुना आहे, पण संध्याकाळी आपल्या गल्लीतून एक फेरी मारा. तो फार जुना वाटणार नाही.

वळ चार दिवसांत जातो. आतलं जात नाही. रोज मार खाणारं लेकरू सतत पहाऱ्यावर असतं. मोटारसायकल गेटाशी थांबली की नुसत्या आवाजावरून त्याला कळतं, बाबा आज कसे आलेत. वर्गात त्याचे डोळे फळ्याकडे असतात आणि लक्ष गुरुजींच्या हाताकडे. खडू उचलायला जरी हात वर गेला, तरी ते मान आत ओढतं. अशा मुलाला पाढे पाठ होत नाहीत, मग आपण त्याला मठ्ठ म्हणतो. ते दुसऱ्याला ढकलतं, मग आपण त्याला मारकुटं म्हणतो. अमेरिकेतले डॉक्टर फेलिटी आणि अँडा यांनी १७,००० हून अधिक प्रौढ माणसांच्या बालपणाची माहिती घेऊन १९९८ पासून जे मांडलं, ते याच्या पुढचं आहे: लहानपणी सोसलेल्या यातना जितक्या प्रकारच्या, तितका मोठेपणी हृदयविकाराचा, नैराश्याचा, व्यसनाचा धोका वाढत जातो. म्हणजे आठव्या वर्षी खाल्लेल्या माराचा हिशेब शरीर पन्नाशीतही मागतं.

आणि एक शब्द आपल्याकडे आहे, कोडगा. "मार खाऊन खाऊन कोडगा झालाय, काही फरकच पडत नाही त्याला." हे वाक्य आपण तक्रार म्हणून बोलतो, पण त्यात काय दडलंय ते बघा. जे लेकरू आता रडतही नाही, ते खंबीर झालेलं नसतं. रडलं तर कुणी येईल, ही आशा त्यानं सोडून दिलेली असते.

कोडगेपणा वेगळा आणि चिवटपणा वेगळा. गारपिटीनं मोडलेली पऱ्हाटी बुडातून पुन्हा फुटते, तो चिवटपणा. पण ती फुटते ती मुळाशी ओल असेल तर. कोरड्या ढेकळात फुटत नाही. लेकरांचंही तसंच आहे, आणि हे नुसतं कवित्व नाही. हवाई बेटांपैकी कवाई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोघी संशोधकांनी पुढं सुमारे चाळीस वर्षं घेतला. त्यातल्या साधारण एक तृतीयांश मुलांचं बालपण फार खडतर होतं. गरिबी, घरातली भांडणं, दारू, आईबापांचे आजार, सगळंच. ही मुलं वाया जाणार असंच कुणालाही वाटलं असतं. पण त्यांच्यातलं दर तिसरं मूल कर्तं, मायाळू आणि भरवशाचं माणूस झालं.

त्यांच्याकडं काय होतं? काहींचा स्वभाव गोड होता, काहींच्या हातात एखादी कला होती. पण पुन्हा पुन्हा सापडलेली गोष्ट एकच: घरात नसेल तर घराबाहेर, आजी, शेजारीण, शिक्षक, कुणीतरी एक मोठं माणूस त्या लेकराच्या बाजूनं कायम उभं होतं.

एक माणूस. आपल्या ओट्यावरची म्हातारी जे करत होती, त्यावर चाळीस वर्षांच्या अभ्यासानं शिक्कामोर्तब केलं. आणखी एक दिलासा त्यात आहे. तरुणपणी भरकटलेल्यांपैकीही पुष्कळ जण तिशी-चाळिशीत सावरले. कुणाला शिकायची दुसरी संधी मिळाली, कुणाला समजूतदार जोडीदार मिळाला. म्हणजे आज पंधरा वर्षांच्या, ओठांवर मिसरूड आणि डोळ्यांत राग असलेल्या पोराबद्दलही 'आता काय उपयोग' असं म्हणायचा आपल्याला हक्क नाही.

इथं कुणीतरी हमखास म्हणेल, "आम्हीही मार खाल्ला, म्हणून तर घडलो." माझं त्यांना प्रेमानं सांगणं आहे: दादा, जरा आठवून बघा. मार खाल्ल्यावर तुम्ही कुणाकडं गेलात? डोक्यावरून हात कुणी फिरवला? तुम्हाला घडवलं ते त्या हातानं. आणि ज्यांच्या डोक्यावरून कुणाचाच हात फिरला नाही, ती पोरं आज हे सांगायला आपल्यासमोर नाहीत. कुणी शाळा सोडून पळाली, कुणी दारूच्या गुत्त्यावर आहेत, कुणी त्याच्याही पलीकडं गेली. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली आलं, तेव्हा महाराष्ट्र हादरला. मार आणि अवहेलना सोसलेला मुलगा डॉक्टर झाला, याचं आपण कौतुक केलं. ते पुस्तक पुन्हा काढा आणि या वेळी त्यातल्या जीजीकडं बघा. तिच्यासारख्या, त्या पोराला माया लावणाऱ्या माणसांकडं बघा.

मधे पडणं ही आपल्या मातीला नवी गोष्ट नाही. पुण्यात गोविंदराव फुल्यांनी मुलाला शाळेतून काढून मळ्यात कामाला लावलं होतं. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या शेजाऱ्यांनी त्यांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले. त्या दोघांनी 'त्यांच्या घरचा मामला' म्हणून तोंड फिरवलं असतं तर? आणि आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे! १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला तान्ह्या बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली, आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांवर चिखलफेक सुरू झाली. कुठं सुरत, कुठं बुलढाणा. विजयालक्ष्मी ताराबाईंची कुणीही नव्हती. तरी त्या मधे पडल्या. १८८२ साली त्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक छापून आलं. ताराबाईंवर टीका झाली, तेव्हा जोतीरावांनी 'सत्सार' या आपल्या लेखनातून त्यांची बाजू घेतली. ज्याच्यासाठी लहानपणी शेजारी मधे पडले, तो पुढं दुसऱ्यासाठी मधे पडला. मला ही साखळी फार मोलाची वाटते.

तर मग आपण काय करायचं?

पहिली गोष्ट अगदी साधी. आवाज आला की दार वाजवायचं. भांडायला जायचं नाही, वाटी घेऊन जायचं. "ताई, विरजण आहे का?" "भाऊ, पंप चालू झाला का?" काहीही विचारा. मारणाऱ्याचा हात त्या क्षणी थांबतो, त्याचं डोकं थोडं खाली येतं, लेकराला श्वास घ्यायला फुरसत मिळते. "तुमचं पोरगं जरा दुकानात पाठवू का?" म्हणून त्याला घेऊन बाहेर पडता आलं तर फारच छान. चारचौघांत बापाचा पाणउतारा मात्र करू नका. आपण निघून आल्यावर त्याची दुप्पट किंमत लेकरू मोजतं. बापाशी बोलायचंच, पण दुसऱ्या दिवशी, शेताच्या बांधावर, चहा पिताना. त्यालाही कुणीतरी 'काय चाललंय रे बाबा तुझं?' असं विचारायला हवंच असतं.

दुसरी, ऐकायला शिकायचं. लेकरानं काही सांगितलं की आपला पहिला प्रश्न असतो, "तू काय केलं होतंस?" तिथंच त्याचं तोंड मिटतं. त्याऐवजी म्हणा, "बरं झालं मला सांगितलंस. तुझी चूक नाही." खोदून खोदून विचारू नका, दहा जणांसमोर पुन्हा वदवून घेऊ नका. आणि 'कुणालाच सांगणार नाही' असं खोटं वचनही देऊ नका, कारण कधीकधी सांगावंच लागतं.

ते कुठं सांगायचं? १०९८. मुलांच्या मदतीसाठीचा हा फोन फुकट लागतो, रात्रंदिवस चालतो, आपलं नाव सांगायचीही सक्ती नाही. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही सेवा आज देशभर आहे. हा आकडा शाळेच्या भिंतीवर, एसटी स्टँडवर, पिठाच्या गिरणीवर, किराणा दुकानाच्या फळीवर ठळक रंगवायला किती खर्च येतो? रंगाचा एक डबा आणि गावातल्या दोन पोरांची एक दुपार. भाजलेलं, हाड मोडलेलं, डोक्याला लागलेलं असेल तर मात्र भावकीत बसून मिटवायचं नाही. आधी दवाखाना, मग लगेच १०९८ किंवा पोलिसांचा ११२. बुलढाण्यात बाल कल्याण समिती आहे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७५ व्या कलमानुसार ताब्यातल्या मुलाला क्रूरपणे वागवणं हा तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. कायद्याचं नाव ऐकून आपण दचकतो, पण त्याचं खरं काम लेकराला सुरक्षित जागा मिळवून देणं हे आहे.

आणि गावागावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. सरपंच तिचे अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव. पुढच्या ग्रामसभेत हात वर करून एवढंच विचारू या: "समितीची बैठक शेवटची कधी झाली?" उत्तर आलं नाही, तर रागवू नका. म्हणा, "चला, या महिन्यात घेऊ, मी खुर्च्या लावतो." आपण मातृतीर्थाचा जिल्हा म्हणवतो. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला लोटणाऱ्या गर्दीत आपण सगळे असतोच. त्याच आठवड्यात प्रत्येक गावात ही एक बैठक झाली, तर जिजाऊंच्या लेकी-लेकरांसाठी आपण काहीतरी केलं असं म्हणता येईल.

शाळेबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण घर बिघडलेलं असेल तर लेकराचं दुसरं घर तेच. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शाळेतला मार आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले, त्याला दीड दशक उलटलं. गुरुजी, बाई, तुमच्यावर कामांचा किती बोजा आहे ते आम्हाला दिसतं. नवं काही मागत नाही. सकाळी दारात उभं राहून प्रत्येक मुलाला नावानं हाक मारा. जे मूल उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालून येतं, शाळा सुटल्यावर घरी जायला टाळाटाळ करतं, बाकावर बसताना कळवळतं, त्याच्याकडं दोन मिनिटं जास्त बघा. त्याला एखादं काम द्या. वाचनपेटीची किल्ली, परसबागेचं पाणी, लेझीमच्या रांगेतलं पहिलं स्थान. 'हे काम तूच कर, तुला जमतं' हे वाक्य घरी कधीच न ऐकलेली मुलं आपल्या वर्गात बसलेली आहेत.

आणि वसतिगृहात, आश्रमशाळेत राहणारी मुलं? २०१६ साली आपल्याच खामगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतलं भयंकर लैंगिक अत्याचाराचं प्रकरण उघडकीला आलं. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलेली मुलगी बोलली, घरच्यांनी तिचं ऐकलं, तेव्हा. ती सुट्टी माझ्या मनातून जात नाही. म्हणून सातपुड्याच्या पायथ्याच्या, जळगाव जामोद-संग्रामपूरच्या आणि साऱ्याच मायबापांना हात जोडून सांगणं आहे: दिवाळीला, आखाजीला लेकरू घरी आलं की फराळाच्या ताटाशी बसवून निवांत विचारा. तिथं कोण ओरडतं, कोण मारतं, कुणाची भीती वाटते. आणि परत जायचं नाही म्हणालं, तर 'नाटकं करतं' असं म्हणू नका.

आता आपल्याशी, आईबापांशी. आपल्यातल्या कितीतरी जणांनी स्वतः मार खाल्लाय आणि हात उगारल्यावर आपल्याच बापाचा चेहरा आपल्याला आठवलाय. हात उठला की उंबऱ्याबाहेर जा. माठातलं पाणी प्या, गुरांकडं एक चक्कर मारा. आणि मारून झालंच असेल, तर लेकराजवळ बसून म्हणा, "चुकलं माह्यं." बापानं असं म्हटल्यानं धाक जात नाही. उलट घर पुन्हा आपलं आहे असं लेकराला वाटू लागतं. नवरा गेल्यावर एकटीनं पोरं वाढवणाऱ्या बहिणींना बालसंगोपन योजनेतून मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात. शेजारणीला ठाऊक नसेल तर तिचा अर्ज भरायला सोबत जा. घरातली ओढाताण थोडी सैल झाली की हातही थोडा सैल पडतो.

हे सगळं एकट्यानं नाही करायचं. चार घरांनी मिळून ठरवा, आपल्या गल्लीतलं लेकरांचं घर कोणतं. ज्या घरी म्हातारी आहे, जे दार लवकर बंद होत नाही, ते. तिथं एक ताट जास्तीचं असू द्या आणि गल्लीतल्या प्रत्येक पोराला ते घर दाखवून ठेवा. भजनी मंडळ, महिला बचत गट, तरुणांचं व्यायाम मंडळ, ज्यांनी त्यांनी आपापल्या आळीत एवढं केलं तरी पुष्कळ आहे.

आमच्या आळीत आम्ही तीन घरांनी ते ठरवलंय. गेल्या महिन्यात एका रात्री पलीकडून आवाज आला. माझे पाय पुन्हा गेटाशी अडखळले. तेवढ्यात समोरच्या वहिनी वाटी घेऊन बाहेर आल्या, माझ्याकडं बघून म्हणाल्या, "चला, विरजण आणू." दोघं गेलो. दार उघडायला वेळ लागला. आत बाप घामाघूम, मान खाली. पोरगं कोपऱ्यात. वहिनींनी त्याच्या आईशी इकडचं तिकडचं बोलत बोलत त्याला जवळ ओढलं आणि विचारलं, "जेवला का रे?" ते काही बोललं नाही. पण परत निघालो तेव्हा ते वहिनींच्या मागोमाग चालत होतं, आणि दह्याची वाटी त्यानं दोन्ही हातांनी धरली होती.